हलकं फिरणारं हँडल

सोमवारी मधल्या सुट्टीत सोनम शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आता हे हलकं का फिरतं?" माझं बिस्कीट तेव्हा चहात होतं. ते तुटून तळाला गेलं आणि मी चमच्याने ते शोधत बसलो, कारण शोधायला काहीतरी मिळालं होतं. तिने आपलं यंत्र दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. यंत्र म्हणजे काय, तर प्लायवूडची एक पोकळ पेटी, तिच्यावर लाकडी चाक, चाकाला हँडल, चाकावरून जाणारा रबराचा पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या टेपरेकॉर्डरमधली चिमुकली मोटर आणि मोटरीच्या दोन वायरींवर टॉर्चचा बल्ब. हँडल फिरवा, वीज तयार करा. विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी असली दहा यंत्रं येतात आणि त्यातली नऊ दुकानातून करून आणलेली असतात. हे मात्र आठवीतल्या एका मुलीने स्वतः केलेलं होतं, ते अक्कलकुवा तालुक्यात पहिलं आलं होतं आणि शुक्रवारी नंदुरबारला जिल्ह्याच्या प्रदर्शनात जायचं होतं. "तेल घातलंय ना मी," मी म्हणालो. "घर्षण कमी झालं." उत्तर इतकं चटकन आलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. चौदा वर्षं शिकवून दुसरं काही आलं नसेल, पण पोरांसमोर वेळ मारून नेता येते.

ती गेली नाही. "पण सर, आधी बल्ब काढला की हलकं व्हायचं. बल्ब लावला की जड व्हायचं. आता लावला काय आणि काढला काय, सारखंच लागतं." सोनम मराठी पुस्तकासारखं बोलते, कारण तिला ते पुस्तकातूनच मिळालेलं आहे, डोंगरातल्या तिच्या पाड्यावर कुणी मराठी बोलत नाही. तिचे आईबाप बाज्या आणि जसोदाबाई दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. ही इथे वसतिगृहात. तिने वही उघडून माझ्यासमोर धरली. गेल्या महिन्याची तारीख होती आणि खाली निळ्या पेनने लिहिलं होतं : बल्ब लावल्यावर हात भरून येतो. असे का होते? मी वही मिटली, घंटा झाल्याचं सांगितलं. घंटा झालेली नव्हती. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग खरोखरच घंटा झाली, तेव्हा मला देव आहे असं वाटलं.

खरं सांगायचं तर त्या पेटीत दोन पेन्सिल सेल होते आणि ते मी लावले होते. तालुक्याच्या प्रदर्शनाच्या सकाळी यंत्र टेम्पोतून आणताना खड्ड्यात आपटलं आणि मोटरीच्या आतली वायर तुटली. हँडल फिरतंय, बल्ब मेलेला. परीक्षक पलीकडच्या रांगेपर्यंत आले होते. सोनम पोरींबरोबर पोह्यांच्या रांगेत गेली होती. माझ्याजवळ वायर जोडायची डागणी नव्हती, दुसरी मोटर नव्हती. बक्षिसांच्या टेबलावरच्या घड्याळाच्या खोक्यात सेल होते, टेप होती आणि खिशात डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. त्या पाकिटाची चंदेरी पट्टी कापली, चाकाच्या आसाला खिळा ठोकला, फिरताना खिळा पट्टीला घासेल असं केलं, सेलच्या वायरी बल्बकडे वळवल्या, खालून पुठ्ठा चिकटवला. सात मिनिटं लागली. इतक्या वर्षांत माझ्या हातून इतकं नीटस काम झालेलं नाही. सोनम आली, तिने हँडल फिरवलं आणि बल्ब भकाभका पेटला. तिच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. तो बल्ब तिच्या मोटरीवर कधी इतका पेटलाच नव्हता. मी ठरवलं होतं की परीक्षक गेले की तिला सांगायचं. मग पहिला नंबर आला. मग फोटो झाला. मुख्याध्यापक राजेंद्र सरांनी तिच्या गळ्यात हार घातला आणि मला म्हणाले, "नवनीत सर, शाळेचं नाव काढलंत." फोटो पेपरात आला. त्यानंतर सांगण्याची वेळ रोज थोडी थोडी पुढे जात राहिली, आणि मी ती जाऊ दिली.

तिने वहीत लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर दहावीच्या पुस्तकात आहे. मी ते दर वर्षी फळ्यावर लिहून देतो, चौकट काढतो आणि "हे परीक्षेला येतं" असं सांगतो. बल्ब वीज ओढायला लागला की ती वीज फिरवणाऱ्या हाताला विरोध करते. म्हणून हँडल जड होतं. बल्ब जेवढं घेतो तेवढं हाताने द्यावं लागतं, त्यात सवलत नाही. मी हे चौदा वर्षं सांगत आलो आणि एकदाही हाताला जाणवू दिलं नव्हतं. या पोरीने ते कुणी न सांगता मनगटात ओळखलं होतं, आणि मी तिला तेल सांगितलं! त्या दुपारी नववीच्या वर्गाकडे पाठ फिरवून मी फळा पुसत होतो, तेव्हा एकदम आमच्या गावची, रनाळ्याची विहीर आठवली आणि विहिरीवरचं ऑइल इंजिन. वडील, त्यांना सगळे दोधू आप्पा म्हणत, दोन्ही हातांनी हँडल मारायचे. सुरुवातीला हँडल हलकं फिरावं म्हणून मी पलीकडे वाकून इंजिनाची छोटी खिट्टी दाबून धरायचो. चाकाला वेग आला की ते ओरडायचे, "हां, सोड!" आणि मी खिट्टी सोडायचो. धाड धाड करत इंजिन सुरू व्हायचं. तापलेल्या डिझेलचा वास, आप्पांच्या मानेवरच्या ताणलेल्या शिरा. कधी कधी हँडल उलटं मारतं. गावात एकाचं मनगट तसंच गेलं होतं. सतराव्या वर्षी आप्पा म्हणाले, आज तू मार. मी म्हणालो, माझी परीक्षा आहे. परीक्षा दीड महिना लांब होती. मी आयुष्यात एकदाही ते हँडल मारलं नाही, खिट्टीच धरत आलो. फळा पुसून कोरा झाला होता तरी मी पुसत होतो आणि मागे पोरं हसत होती.

मंगळवारी सोनम तक्ता घेऊन आली. जिल्ह्यासाठी नवा तक्ता करायचा होता. ‘सुधारणा’ या मथळ्याखाली तिने पेन्सिलीने लिहिलं होतं : तेल घातल्यामुळे घर्षण कमी झाले व हँडल हलके फिरू लागले. "पेनने करू का, सर?" तिने विचारलं. नुसता प्रश्न होता तो, पण तिची पेन्सिल त्या ओळीवर टेकलेली होती आणि ती खाली पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. खोडरबर टेबलावर होता. माझ्यापासून वीतभर अंतरावर. "कर," मी म्हणालो. तिने हिरव्या स्केचपेनने ओळ गिरवली, एकेक अक्षर, सावकाश. ‘घर्षण’मधला ‘ण’ तिने फार सुरेख काढला. राजेंद्र सर मागून आले, तक्ता बघून खूश झाले आणि मला व्हरांड्यात घेऊन गेले. माझ्या मान्यतेची फाइल नंदुरबारला पडून आहे. कायम होण्याची फाइल. तिच्यावर किती उन्हाळे गेले ते मी मोजणं सोडून दिलंय. प्रदर्शनाला शिक्षण विभागाचे साहेब येणार आहेत, असं ते म्हणाले, तुमची ओळख करून देतो. मी धीर करून म्हणालो, "सर, त्या मॉडेलमध्ये थोडी अडचण आहे." त्यांनी हात वर केला. "मला काही सांगू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. बल्ब फोटोतल्यासारखा पेटला पाहिजे, बस." म्हणजे त्यांना माहीत होतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. दोन्हीचं वजन माझ्यावर सारखंच पडलं.

मग मी पेटी घेऊन दाऊदभाईंकडे गेलो. दाऊदभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान हायवेला लागून आहे; गुजरातेकडे जाणारे ट्रक तिथून असे जातात की काउंटरवरची तांब्याची तार थरथरते. सोनमला ती टेपरेकॉर्डरमधली मोटर त्यांनीच भंगारातून काढून दिली होती. त्यांनी मोटर उघडली, डोळ्याला भिंग लावलं आणि दोन मिनिटांत डाग मारून दिला. "कुछ नहीं सर, पाय तुटला होता बारीक. आता फिरवा." मी फिरवलं. बल्बची वायर जोडली आणि हँडल एकदम जड झालं. कुणीतरी पलीकडून मूठ धरली असं वाटलं. हाताला पहिल्यांदाच कळलं आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी वायर काढली, हलकं. लावली, जड. बाजारात भरदुपारी एक विज्ञानाचा मास्तर लहान पोरासारखा वायर काढत आणि लावत होता. "आपकी सोनम बेटी बोली थी," दाऊदभाई म्हणाले, "हात भर आता है. मैंने बोला, बेटा, फुकट का माल नहीं है." पण बल्ब! बल्ब तांबूस होता, राखेत राहिलेल्या निखाऱ्याएवढा. जोर लावला तर थोडा पिवळा व्हायचा आणि परत विझू बघायचा. "एलईडी लगा दो," दाऊदभाई म्हणाले, "झकास पेटेल." तेवढं केलं असतं तर सगळं सुटलं असतं. पण तालुक्यात निवडलेलं मॉडेल जिल्ह्याला जसंच्या तसं न्यायचं, सामानाची यादी बदलायची नाही असा नियम आहे. आणि नियम सोयीचा असला की तो मला फार लवकर पटतो. मी फोटोतला बल्ब आठवला. साहेब आठवले. तक्त्यावरची हिरवी ओळ आठवली, जिच्यात हँडल हलकं फिरत होतं. शाळेत परत आलो, प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि नीट झालेल्या मोटरीच्या वायरी सोडवून बल्ब पुन्हा सेलवर टाकला. पहिल्यांदा घाईत केलं होतं. या वेळी मला भरपूर वेळ होता.

गुरुवारी रात्री घरी यामिनीने भाकरी वाढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय व्हयनं तुमले? तीन रोज व्हयनात, धड जेवी नही ऱ्हायनात." मी म्हणालो, प्रदर्शनाचं टेन्शन. "पोरगीनं प्रदर्शन शे का तुमनं?" प्रदर्शन पोरीचं की माझं, असं विचारत ती हसली. मग सोनमसाठी तिने आपल्या जुन्या स्वेटरच्या बाह्या आखूड करून ठेवल्या होत्या, त्या दाखवल्या. सकाळच्या बसमध्ये थंडी लागेल म्हणून. तो स्वेटर हातात घेतल्यावर मला बायकोचा राग आला. कुणी चांगलं वागलं की अडचण वाढते. तिला सांगावंसं वाटलं, अगदी ओठावर आलं होतं, पण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, सोपं शे, जा आनि सांगा. आणि ते सोपं आहे हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी आमटी मागितली. तिने वाढली, वर दोन थेंब तेल सोडलं आणि मी वाटी बाजूला सारली. कोंडल्यासारखं झालं, आणि त्या कोंडवाड्याचं दार तर सताड उघडं होतं. फक्त त्यातून बाहेर पडायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत पडायचं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीत सोनम खिडकीशी बसली, स्वेटर घालून, पेटी मांडीवर. मी बाजूला. राजेंद्र सर आपल्या गाडीने पुढे गेले होते. तिच्या मनगटावर पेटीची कड रुतली म्हणून मी पेटी जरा माझ्याकडे घेतली आणि माझी बोटं खालच्या पुठ्ठ्यावर गेली. मी लावलेली टेप खाकी होती. बोटाखालची टेप गुळगुळीत होती. वाकून पाहिलं तर पारदर्शक, नवी, चारही बाजूंनी सरळ रेषेत लावलेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हे मनातलं नव्हतं, बोटाला लागत होतं. कपाशी उभी होती बाहेर, काही वेचलेली, काही नाही. बराच वेळ मी कपाशी पाहिली. मग ती म्हणाली, "सर, परीक्षकांनी उघडून पाहिलं तर?" "उघडत नाहीत," मी म्हणालो. "आणि विचारलं तर?" मी म्हणालो, "विचारलं तर मी आहे ना." तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही, पण माझा बसला. त्या वाक्याने मला खरंच बरं वाटलं. पुढचा सगळा रस्ता मी मनात दोन वाक्यं तयार केली : सेल मी लावलेत. मुलीला काही माहीत नव्हतं. लहान, स्वच्छ वाक्यं. नंदुरबारचा स्टँड येईपर्यंत ती पाठ झाली होती.

सभागृहात पन्नासेक टेबलं होती. आमच्या टेबलापाशी आलेल्या परीक्षक बाई उंच होत्या, पांढऱ्या केसांच्या, कुठल्याशा तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या. त्यांनी सोनमचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "मी फिरवू?" आणि पदर खोचून हँडल धरलं. बल्ब पेटला. "छान. आता बल्ब काढ गं." सोनमने काढला. बाईंनी फिरवलं. "लाव." लावला. पुन्हा फिरवलं. त्यांचा हात मध्येच थांबला, आणि त्या थांबलेल्या हाताकडे पाहताना मला कळलं की या बाईंना मनगटातलं कळतं. त्यांनी तक्ता वाचला. "तेलामुळे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पेटी उचलून उलटी केली. टेप निघाली. दोन सेल त्यांच्या तळहातावर आले. त्यांचा आवाज चढला नाही. "हे कुणी लावलं?" त्यांनी विचारलं, आणि सोनमला विचारलं की मला, ते त्यांनी मोकळं ठेवलं.

माझी वाक्यं तयार होती. पहिलं वाक्य जिभेवर होतं. पाच टेबलं पलीकडे राजेंद्र सर साहेबांना काहीतरी दाखवत होते, साहेबांच्या खिशाला बिल्ला होता, ते इकडेच वळत होते. हे मी पाहिलं, नाही म्हणत नाही. पण खरं अडवलं ते दुसऱ्या वाक्याने. मुलीला काही माहीत नव्हतं. आता हे खरं राहिलं नव्हतं. टेप तिची होती. म्हणजे वाक्य बदलायला हवं होतं : मुलीला आधी माहीत नव्हतं, नंतर कळलं असावं. पण मग बाई विचारतील, कळल्यावर तिने का सांगितलं नाही? म्हणजे तिच्यावरही येईल. मग नुसतं पहिलंच वाक्य बोलावं का? अर्धं सांगणं बरोबर का? मी तिथे उभा राहून, भर सभागृहात, वाक्य दुरुस्त करत होतो. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतो तितक्या काळजीने. सोनम माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. विनवणीनेही नाही. तिने मला पुरेसा वेळ दिला. आजही मला वाटतं की तो फार वेळ होता, तेवढ्यात माणूस विहिरीवरून घरी जाऊन येईल. मग तिने मान बाईंकडे वळवली आणि त्याच पुस्तकी मराठीत म्हणाली, "सेल मी लावले."

आणि मी म्हणालो, हो, मीच म्हणालो, वर्गातल्या माझ्या आवाजात, जो आपोआप येतो, "सोनम! का केलंस असं?"

"चुकलं, सर," ती म्हणाली.

राजेंद्र सर तोवर पोचले होते. त्यांनी एकदा सेलकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना हलक्या हाताने पुढच्या टेबलाकडे नेलं. बाईंनी फाइलमधून एक कागद काढला. मुलीला दोन वर्षं प्रदर्शनात भाग घेता येणार नाही, असं त्या म्हणाल्या, नाइलाज आहे. मग काहीतरी लिहिलं आणि चष्मा काढून माझ्याशी फार सहानुभूतीने बोलल्या. "तुम्हाला त्रास नको म्हणून मार्गदर्शकाला कल्पना नव्हती, असं स्पष्ट लिहिलंय. मुलं करतात असं सर, आपण लक्ष ठेवायचं. वाचा आणि सही करा." मी वाचलं. अक्षर सुंदर होतं. विद्यार्थिनीने सेल लपवून परीक्षकांची दिशाभूल केली. खाली सोनमचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. बाईंनी पेन दिलं. दार उघडं होतं, वारा येत होता आणि कागद टेबलावर थांबत नव्हता. मी एक कडा दाबली की दुसरी उचलायची. तेव्हा सोनमने स्वेटरची बाही मागे सारली, कागदाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि माझी सही होईपर्यंत तो नीट दाबून धरला.